सेडानमधली टक्

"डोळ्यांनी गाडी घेतात ती मूर्ख माणसं. गाडी कानांनी घ्यायची असते!"

असं जाहीर करून बाबांनी टेबलावर मूठ आपटली आणि आईच्या हातातला पाव चहात बुडाला.

बाबा लिफ्ट-तपासनीस. उभा जन्म लिफ्टच्या खोक्यात कान टवकारून गेलेला. कुठला दोर घासतोय, कुठलं चाक कोरडं पडलंय, हे ते डोळे मिटून सांगत आणि समोरच्याला पटलं नाही तर डोळे वटारून सांगत. आई त्यांना 'कानसेन' म्हणायची. ती चिडून म्हणायची, बाबांना ती पदवी वाटायची. अलीकडे तर त्या कानांना भलतीच धार चढली होती. राहत्या इमारतीची लिफ्ट मजल्यावर थांबली की 'टक्' असा आवाज येतो, म्हणून त्यांनी ती बंदच करून टाकली होती. कंपनीची माणसं येऊन "काहीही नाही" म्हणून गेली, तर त्यांनाही झापलं. आता सगळी इमारत जिने चढत होती आणि धापा टाकत बाबांच्या नावाने बोटं मोडत होती.

"गाडीचं नंतर बघा. आधी दातांच्या डॉक्टरकडे जाऊन या," आई चहातून पावाचे तुकडे काढत म्हणाली. "नवी कवळी बसवून महिना झाला. घट्ट करायला बोलावलंय ना त्याने?"

"त्याच्याकडे? त्याची खुर्ची कुरकुरते! ज्याला स्वतःच्या खुर्चीत तेल घालता येत नाही, तो माझ्या तोंडात काय हात घालणार?"

विषय मिटला. बाबांच्या घरात विषय असेच मिटत.

गाडी हवी होती लेकीला. वय अठरा, लायसन्स कोरं करकरीत. पोहण्याच्या तलावावर लहान मुलांना शिकवायची नोकरी लागली होती, आयुष्यातली पहिली. पण वर्ग पहाटेचे आणि त्या वेळी बस नाही. तलावाच्या मॅनेजरने साफ सांगितलं होतं, "सोमवारी पहाटे हजर झालीस तर नोकरी तुझी. नाहीतर दुसरी मुलगी तयारच आहे." तो शनिवार होता.

"छोटीशी गाडी चालेल ना, बाबा?"

"सेडानच! मागे चांगली लांबरुंद डिकी पाहिजे. कुणी मागून ठोकलं तर आधी डिकी चेपेल."

"आणि पुढून ठोकलं तर?"

"तर चूक तुझी!"

जुन्या गाड्यांच्या दलालाने गॉगल डोक्यावर चढवून एक पांढरी सेडान पुढे काढली. लेक स्टिअरिंगवर, बाबा शेजारी, दलाल मागे. गाडी लोण्यासारखी निघाली. पहिला गतिरोधक आला.

टक्.

"थांब! ऐकलंस?"

"काय?"

"टक्!"

"नाही बुवा," लेक म्हणाली.

"साहेब, काहीच नाही," दलाल म्हणाला.

पुन्हा गतिरोधक, पुन्हा टक्. मग बाबांनी मागे वळून दलालाला जे फैलावर घेतलं, ते चांगले तीन खड्डे पार होईपर्यंत. चोर म्हणून झालं, भामटा म्हणून झालं, आणि मग ते एकदम थबकले.

"बघितलंस? मी ओरडत होतो तेव्हा आवाज बंद! दम दिला की गप्प बसते. म्हणजे गाडीसुद्धा लबाड आहे!"

दलालाने निमूटपणे निळी सेडान दिली. टक्. मग काळी. टक्.

"साहेब, हा आवाज एकट्या तुम्हालाच कसा येतो?"

"कारण इथे कान एकट्या मलाच आहेत!"

दलालाने डोक्यावरचा गॉगल डोळ्यांवर ओढला आणि फाटकाकडे बोट दाखवलं. लेक खाली मान घालून बाहेर पडली. बाबा मात्र "सगळी एकच टोळी आहे!" असं अख्ख्या रस्त्याला ओरडून सांगत होते.

रविवारी सकाळी लेकीने स्वतः शोधून एक पत्ता काढला. भूगोलाच्या एक निवृत्त बाई आपली चंदेरी सेडान विकत होत्या. गाडी म्हणजे बाईंचा जीव की प्राण. काचा लख्ख, पायपुसणी धुतलेली. लेक आत बसली, आरसा नीट केला, सीट पुढे ओढली आणि तिचा चेहराच उजळला. "पहाटे मुलांना शिकवायला जाणार? मग तुलाच देईन," बाई म्हणाल्या. व्यवहार झाल्यातच जमा होता.

तेवढ्यात बाबा शेजारी बसले.

कोपऱ्यावरच्या पहिल्याच खड्ड्याला टक्! बाबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाडी परत बाईंच्या अंगणात आली.

"बाई, गाडीत आवाज आहे."

"माझ्या गाडीत? शक्यच नाही!"

बाईंनी हट्टाने आपला नेहमीचा मेकॅनिक बोलावला. त्याने डिकीतलं जादा चाक बाहेर काढलं. बाबा आत बसून एक फेरी मारून आले. टक्. मागची सीट उपटली. टक्. पुढचा कप्पा, दारांची आतली आवरणं, पायपुसणीसुद्धा काढली. टक्, टक्, टक्! अंगणात गाडी कमी आणि सामान जास्त दिसायला लागलं. मेकॅनिक घामाघूम होऊन म्हणाला, "काका, आता फक्त तुम्हालाच बाहेर काढायचं राहिलंय."

त्याचं तिथे कुणी ऐकलं असतं, तर पुढचं रामायण टळलं असतं. पण बाबांचा तोल सुटला होता.

"बाई, शाळेत मुलांना खरं बोला म्हणून शिकवत होतात ना? मग मला का फसवताय?"

बाईंचा चेहरा लालबुंद झाला. "माझ्या अंगणातून चालते व्हा! गाडी भंगारात घालीन, पण तुम्हाला देणार नाही!"

दोघं घरी आली. दार बंद झालं आणि लेक फुटली.

"तुम्हाला गाडी घ्यायचीच नाहीये! मी अंधारात एकटी जाणार म्हणून तुमचं धाबं दणाणलंय. सरळ 'भीती वाटते' म्हणा ना! गाड्यांवर कशाला आळ घेता?"

"हो, वाटते भीती!" बाबा गरजले. "वाटणारच! वाटू नये तर काय नाचू? पण आवाज खरा आहे! तो येतोच आहे!"

आणि पाय आपटत ते स्वयंपाकघरात गेले. टक्. टक्.

बाबा जागच्या जागी खिळले. मग त्यांनी हळूच फ्रिजला कान लावला. फ्रिज बंद केला, भिंतीपासून ओढून काढला, त्याच्यामागे वाकून पाहिलं. रागाने पुन्हा पाय आपटला. टक्.

"आता फ्रिजसुद्धा?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच थोडा बारीक झाला.

आई ओट्यापाशी उभी राहून हे सगळं बघत होती. तिने हात पुसले.

"अहो, तोंड उघडा."

"काय?"

"उघडं ठेवा आणि उडी मारा."

बाबांनी आ वासून उडी मारली. खालच्या मजल्यावरून कुणीतरी छताला काठी ठोकली, पण टक् काही आली नाही.

"आता तोंड मिटून मारा."

लेकीने पुढे होऊन त्यांच्या गालाला कान लावला. बाबांनी उडी मारली.

टक्.

"आई, ऐकू आलं!" लेक किंचाळली. "कवळी! बाबांची कवळी आहे!"

घरात इतकी शांतता पसरली की ती ऐकायला कानसेनच हवे होते. पण त्यांचं कशातच लक्ष नव्हतं. दलाल, बाई, मेकॅनिक, लिफ्टची माणसं, एकेक चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोरून जात असावा.

"त्या डॉक्टरला सोडणार नाही!" ते शेवटी पुटपुटले. पण त्यात पूर्वीचा जोर नव्हता.

लेक तडक बाईंकडे गेली. खरं काय ते सगळं सांगितलं. बाई आधी घुश्शातच होत्या. मग उडीचा भाग आला तेव्हा त्या पायरीवर बसल्या आणि डोळे पुसत हसत राहिल्या. मेकॅनिक सीट परत बसवत होता, तोही पाना खाली ठेवून हसला. बाईंनी किल्ली दिली, पण एका अटीवर. "आधी वडिलांना दातांच्या डॉक्टरकडे ने. माझ्या गाडीची बदनामी मला चालायची नाही."

म्हणून लेकीच्या पहिल्या गाडीची पहिली फेरी झाली ती दवाखान्याची. आईने डॉक्टरला घरी फोन करून रविवारचा दवाखाना उघडायला लावला होता. बाबा मागच्या सीटवर मुकाट्याने बसले होते, तोंड उघडं ठेवून. डॉक्टरने कवळी घट्ट केली, शिवाय शेजारचा किडका दात दिसला म्हणून इंजेक्शन देऊन तोही काढला. खुर्ची कुरकुरत होती. बाबांना बोलता येत नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी आधी लिफ्ट चालू केली. चार वेळा वरखाली जाऊन बघितलं. आवाज नाही. दार उघडलं तर शेजारी पिशव्या घेऊन जिन्याशी उभे.

"झाली का चालू? मग इतके दिवस बिघाड तरी काय होता, साहेब?"

बाबांनी सुजलेला जबडा रुमालाने झाकला.

"एक भाग सैल होता, काका," लेक म्हणाली. "वरचा. आता पक्का बसवून घेतलाय."

सोमवारी पहाटे लेक निघाली. बाबा बाल्कनीत कठड्यावर झुकून, हाताचं शिंपलं कानामागे धरून उभे होते. गाडी सुरू झाली, वळली, कोपऱ्यावरचा गतिरोधक ओलांडून गेली. टक् नाही की टुक् नाही.

आई चहा घेऊन आली, तर बाबा लालबुंद!

"आता काय झालं?"

"काय गाडी घेतलीय!" बाबा सुजलेल्या तोंडाने खेकसले. "इतकी गप्प! पोरगी परत आली, हे मला कळणार कसं?"