सयामच्या कारखान्यातले आबा

आमचे शेजारी गणपतआबा कुठलंही यंत्र सुरू करण्याआधी त्याला कमरेत वाकून नमस्कार करत. हात जोडायचे नाहीत. दोन्ही हात मांड्यांना चिकटवायचे, वाकायचं, सावकाश सरळ व्हायचं आणि मगच कळ दाबायची. एकदा पिठाच्या गिरणीपुढे ते असे वाकले, तेव्हा दळणाला आलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आबांना त्याचं काही नव्हतं.

"जपानी रीत हाय," ते म्हणाले. "यंत्राला मान दिला की यंत्र इमान राखतंय."

मी तेव्हा कडेगावला शाळेत शिकवत होते. आबा मूळचे माण तालुक्यातले, पण बायको कडेगावची, म्हणून इथंच घर केलेलं. मोठ्या लढाईत ते इंग्रजांच्या पलटणीचे ड्रायव्हर म्हणून ब्रह्मदेशात जपान्यांविरुद्ध होते. पेन्शन झाल्यावर जुन्या साहेबाच्या ओळखीनं सयामला, म्हणजे थायलंडला गेले. तिथं एका जपानी ट्रक कंपनीनं नवा कारखाना काढला होता. त्या कारखान्याचा इतिहास आबा पुराण सांगावं तसा सांगत. उसाचा ट्रक रस्त्यात बंद पडला की ड्रायव्हर आबांना दुरुस्तीला बोलवायचा, आबा शेजारी उभे राहायचे आणि पुराण सुरू व्हायचं.

"पयलं तिथं निस्तं भाताचं खाचर. मग पत्र्याची शेड. मग बोटीतनं लाकडी पेट्या आल्या. ट्रक जपानात जन्मायचा, तुकडं होऊन पेटीत यायचा, आन् आमी त्यो सयामात उभा करायचो. पुढं हौदा तिथंच बनाय लागला, स्प्रिंगांचं पाटं बनाय लागलं. सयामी पोरं मिस्त्री झाली."

"आबा, आधी माझा ट्रक उभा करा," ड्रायव्हर म्हणायचा.

पहिला ट्रक जोडून झाला तेव्हा एक बोल्ट उरला होता. ट्रक चालत होता, हार घालून झाला होता, साहेबलोक फोटोला उभे होते. पण फोरमन यामादा यांनी हार उतरवला आणि अख्खा ट्रक परत सुटा करायला लावला. तेव्हापासून काही उरणं आबांना खपत नसे. माझं शिवणयंत्र त्यांनी दुरुस्त केलं, तेव्हा एक स्क्रू उरला. यंत्र सुरेख चालत होतं. आबांनी ते तीनदा सोडलं आणि तीनदा जोडलं. शेवटी तो स्क्रू माझ्याच चष्म्याचा निघाला.

एवढी चांगली नोकरी का सोडली, असं कुणी विचारलं की उत्तर दर वेळी वेगळं असायचं. कुणाला सांगायचे, भाकरी मिळंना. कुणाला, मासळीचा वास सोसंना. एका रविवारी दुपारी आबा माझ्या शिवणयंत्राला तेल घालत होते, तेव्हा मीही सहज विचारलं. आबांनी तेलाची बुधली खाली ठेवली.

"यामादाबी लढाईत व्हता," ते म्हणाले. "त्याला हिंदुस्थानी येईना, मला जपानी येईना. दोघं मोडक्या सयामीत बोलायचो. एकदा च्या पिताना कळलं, एकाच टेकडीवर व्हतो. त्यो वर, मी खाली."

"मग?"

"मग त्यानं इचारलं, तिथं एक उंच पोरगा बघितला व्हता का? चष्मेवाला. त्याचा धाकटा भाऊ. परत आलाच न्हाई."

"तुम्ही पाहिला होता?"

"न्हाई. पर त्याचं त्वांड बघवंना, बाई. म्हटलं, व्हय, बघितला. मीच माती दिली. नीट दिली."

त्यानंतर यामादा रोज जेवणाच्या सुट्टीत आबांजवळ येऊन बसू लागले. रोज तेच ऐकायचं. टेकडी कशी होती, झाड कुठलं होतं, तोंड कुठल्या दिशेला केलं होतं. आबा रोज थोडं थोडं जोडत गेले.

"खरं सांगणार व्हतो," आबा म्हणाले. "तवर त्यानं जपानातनं म्हातारीला आणलं. त्याच्या आईला. एवढीशी म्हातारी, पेट्यांच्या शेडमधी माझ्यासमोर बसली. माझं हात आपल्या हातात घेतलं आन् नुसती कुरवाळत राह्यली. ह्या हातांनी तिच्या पोराला माती दिली म्हणून. आता हे कसं मोडायचं? पुढच्या म्हैन्यात गावाकडं आलो. यामादा बोटीपतूर पोचवाय आला व्हता."

आबांसाठी केलेला चहा गार झाला होता. दुसरा करते म्हणून मी उठले.

"ऱ्हाऊ द्या," आबा म्हणाले. त्यांनी बोटांचं तेल फडक्याला पुसलं, एकेक बोट करत. "टेकडी आमी घेतल्यावर त्यांच्या मेलेल्या पोरांना मी माती दिली व्हती, बाई. ते खोटं न्हाई. त्यातला कोण कुणाचा, ते ठावं न्हाई. पर दिली व्हती."