चेंडू पैलतीरी

लांगवीक गावच्या फुटबॉल क्लबाचा गोल झाला, तेव्हा टुमास बोटीत बसून वाळक्या मटणाचा तुकडा चघळत होता. गोल पेनल्टीवर झाला. वारा इतका होता की चेंडू जागेवर ठरेना. शेवटी एक खेळाडू आडवा पडून तो बोटाने धरून राहिला आणि दुसऱ्याने लाथ मारली. पंधरा मिनिटं उरलेली, आणि लांगवीक चक्क पुढे. टुमासला आनंदाऐवजी धास्तीच वाटली, कारण या क्लबचं भलं झालेलं त्याला सहसा बघायला मिळालं नव्हतं.

हा सामना जिंकला नाही तर लांगवीक खालच्या विभागात घसरणार होतं. तिथे एवढ्याशा गावाला वेगळा क्लब परवडणार नाही, म्हणून तो खाडीपलीकडच्या सेल्नेसच्या क्लबात विलीन होणार, असं फेडरेशनने बजावलं होतं. सेल्नेस! टुमासच्या बायकोचं माहेर. मेव्हणा एलियास तिथल्या क्लबाचा अध्यक्ष. "ते लोक आपल्याला गिळायला टपलेत," असं टुमास हिवाळाभर क्लबात टेबलावर मूठ आपटून सांगत आला होता.

मैदान समुद्राला लागून, त्यामुळे चेंडू पाण्यात जायचाच. तो काढून आणायला बोट घेऊन बसणं हे टुमासचं काम. त्यातली मेख गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती: आपण मागे असलो की जोरात वल्हवायचं, पुढे असलो की दमादमाने. आज तर अध्यक्ष हानुसने सकाळीच कानात सांगितलं होतं, "पुढे असलो ना टुमास, तर तुला घाई नाही बरं का." टुमासने आणखी एक पाऊल पुढे जाऊन इंजिनातलं पेट्रोलच काढून ठेवलं. पंचाने विचारलं तर सांगायला कारण नको का?

गोलनंतर लगेच लांगवीकच्या बचावपटूने चेंडू मुद्दाम समुद्रात भिरकावला. टुमास निघाला. दोनदा वल्हं मारलं, थांबला, थर्मासमधली कॉफी ओतून घेतली. काठावर हानुस दोन्ही हात हलवत होता. 'खूश दिसतोय,' असं म्हणून टुमासने कप उंचावला. मग काठावर सगळं गावच हात हलवायला लागलं. इतकं कौतुक त्याच्या वाट्याला लग्नातही आलं नव्हतं. त्याने आणखी थोडी कॉफी घेतली.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. बायको, मार्युन.

"अहो, कॉफी काय पिताय? आधीचे चेंडू गेले. एक खडकावर फुटला, दुसरा चर्चमागच्या कड्यावरून गेला. तो तुमच्या पुढ्यातला शेवटचा आहे."

"मग आणतोय की सावकाश."

"सावकाश? पंच म्हणतोय, चेंडू द्यायची जबाबदारी यजमानांची. पाव तासात आला नाही तर सामना आपण हरलो."

टुमासने कप पाण्यात फेकला आणि समोर बघितलं. वाऱ्याने आणि ओहोटीने चेंडू पार खाडीच्या मध्यावर नेला होता. सवयीने त्याने इंजिनाची दोरी ओढली. मग आठवलं. स्वतःच्या हुशारीवर त्याला आयुष्यात पहिल्यांदाच रडू आलं.

तो वल्हवत सुटला. छाती फुटायची वेळ आली, पण चेंडू त्याच्यापेक्षा तरणा होता. बघता बघता तो सेल्नेसच्या काठाला लागला, आणि एक जाडा माणूस गुडघाभर पाण्यात उतरला. एलियास! एलियासने चेंडू उचलला, बगलेत मारला, मोटारीत टाकला आणि मोटार सुसाट सोडली.

"चोरा!" टुमास ओरडला. समोरच्या डोंगराने ते त्याचं त्यालाच परत दिलं.

संपलं सगळं. आजोबांनी दगड वेचून केलेलं मैदान, बापाने विणलेलं गोलाचं जाळं, सगळं सेल्नेसच्या घशात गेलं, आणि घालवलं कोणी, तर टुमासने. त्याने वल्ही आत घेतली. घरी जाऊन तरी काय तोंड दाखवायचं? परत निघायलाही त्याला बराच वेळ लागला. वाटेत मैदानावरून मोठा गलका ऐकू आला, पण तो कोणाचा, हे बघायचं धाडस त्याला झालं नाही.

धक्क्याला लागला तर हानुसने त्याला मिठीच मारली. "जिंकलो रे! तुझा मेव्हणा देवासारखा आला. खाडीला वळसा घालून मोटार इतकी पिटाळली, की रस्त्यातल्या दोन मेंढ्या डोंगरावर पळाल्या, त्या अजून खाली उतरायला तयार नाहीत."

एलियास बाजूला उभा राहून पँटचं पाणी पिळत होता. टुमास खाली मान घालून त्याच्याजवळ गेला.

"एलियास, उपकार झाले बाबा. मी तुला चोर म्हणालो."

"उपकार कसले, दाजी? आमच्या क्लबाचा ठरावच आहे. काय वाटेल ते होवो, लांगवीक टिकलं पाहिजे."

टुमासचे डोळे भरून आले. "एवढं प्रेम?"

"प्रेम?" एलियास गोंधळला. "तुम्ही घसरलात की आमच्या गळ्यात पडणार ना. तुमचा गोलकीपर बघितलाय? आणि तुमच्या सभा! वर्षभर आमची झोप उडालीये. आज आमच्याकडे अर्ध्या गावाने चर्चमध्ये तुमच्यासाठी प्रार्थना केली."

"म्हणजे... आम्हाला गिळायला टपला नव्हतात?"

"तुम्हाला?" एलियासला हसू आवरेना. "पचायला नको का, दाजी?"

गाव नाचत होतं. मार्युनने भावाला रुबार्बचा केक दिला, मग नवऱ्याला दिला. टुमासने तो तसाच हातात धरला.

"आता तरी हसा की. वाचलो ना आपण?"

टुमास गर्दीतून वाट काढत हानुसपाशी गेला आणि त्याला बाही धरून कोपऱ्यात ओढलं.

"हानुस, पुढच्या वर्षी आपण हरायचं."

"काय?"

"सगळे सामने हरायचे. बघतोच मी, सेल्नेसवाले आपल्याला कसे घेत नाहीत ते."