तिसऱ्या गिटारचं बेअरिंग

गिरणी बंद होऊन तीन वर्षं झाली होती आणि तीन वर्षांत कृष्णरावांना कुणी काही विचारलं नव्हतं. त्याआधी सगळ्या खात्याचे माग त्यांना विचारून चालायचे. त्या खडखडाटाने त्यांचे कान जवळजवळ नेले. तळहात मात्र शाबूत राहिला. वैद्याने नाडी धरावी तसा तो मागावर टेकवला, की आतलं दुखणं ते अचूक सांगत.

सोनलला ऑर्केस्ट्रात जागा मिळाली होती, फक्त बेस गिटार स्वतःची हवी होती. "बाबा, चला ना, पसंत करायला," ती म्हणाली. लेक आपलं मन राखतेय हे कळूनही त्यांनी इस्त्रीचा सदरा काढला. आज हा हात कुणाच्या तरी उपयोगी पडावा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

छत्रीबागेतल्या वाद्यांच्या दुकानात मालक चिंतामणजींनी तीन गिटारी दाखवल्या. पहिली लालचुटुक, कृष्णरावांनी तिच्यात बघून टोपी सारखी केली. दुसरी काळी, गळ्यात अडकवताच सोनल एका अंगाला झुकली. तिसरी भिंतीला टेकलेली, लाकडाच्याच रंगाची, कुणाचं तरी कोपर लागून लागून गुळगुळीत झालेली.

सोनलने लाल गिटार छेडली. कृष्णरावांनी तिच्यावर तळहात ठेवला.

"ही नुसती वरवर बोलते. पोटात काही नाही. जरा आवाज वाढवा हो!"

चिंतामणजींनी वाढवला. काळीची पाळी आली तेव्हा आणखी वाढवला.

"ही बोलते खोल, पण फार सावकाश. अजून वाढवा!"

कपाटातले घुंगरू आपले आपण नाचायला लागले. वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "अरे भिया, छत पडेल ना!" छत राहिलं, फळीवरचे टाळ तेवढे चिंतामणजींच्या पायावर पडले.

"बस, काकाजी!" कळवळत त्यांनी वायर उपटली आणि सोनलला हळूच म्हणाले, "तसंही ह्यांना ऐकू येत नाही, दीदी. क्या फरक पडता है!"

कृष्णरावांचं लक्षच नव्हतं. त्यांनी तिसऱ्या गिटारवर तळहात टेकवून डोळे मिटले होते. चेहऱ्यावर कोवळं ऊन उतरावं तसं हसू पसरलं.

"अगं सोनू, ही गातेय! पहाटेच्या जात्यासारखी, घुमून घुमून..." मग कपाळाला आठी पडली. "पण हिचं बेअरिंग गेलंय."

"गिटारचं बेअरिंग!" चिंतामणजी पायाचं दुखणं विसरून हसले. ढोलक बघायला आलेलं गिऱ्हाईकही हसलं.

सोनलचे कान लाल झाले. "बाबा, ती वाजतच नाहीये," ती त्यांच्या कानाशी म्हणाली.

"वाजतेय. अडखळत वाजतेय. बंद करा, नाहीतर जळेल."

त्यांची खात्री पटवायला तिने आपलाही हात त्यांच्या हाताशेजारी ठेवला, आणि दचकली. गिटार खरंच थरथरत होती. तिची नजर हळूहळू मागच्या भिंतीकडे गेली. भिंतीपलीकडे मारुती भियांची पिठाची चक्की होती.

सोनल धावली.

पाच मिनिटांत मारुती पिठाने पांढराफटक होऊन दुकानात आला. "काकाजी, बचा लिया तुम्ही! बेअरिंगमधून धूर निघत होता. थोडा वेळ अजून चालली असती ना, तर मोटरच गेली असती!"

चिंतामणजींनी न सांगता वायर पुन्हा जोडली. "लाल देऊ ना, दीदी? स्टेजवर चमकेल."

"नको, हीच. भिंतीपलीकडचंसुद्धा लपवत नाही ही."

तिने जाड तार छेडली. कृष्णरावांच्या तळहातातून ते गाणं छातीपर्यंत चढलं. दसऱ्याला मागाला जोडत, तसे त्यांनी गिटारला हात जोडले.

मारुती म्हणाला, "काकाजी, रोज सकाळी या ना चक्कीवर. पोलोग्राउंडच्या कारखान्यातही बोलतो मी. फक्त हात लावून सांगायचं."

"काय म्हणतोय गं?"

"मशीन बघायला रोज बोलावतायत, बाबा!" सोनल त्यांच्या कानाशी म्हणाली.

"काय?"

तिने ओरडून सांगितलं. अख्ख्या गल्लीला कळलं.

"हं? परत सांग."

तिसऱ्यांदा सांगायला सोनलने तोंड उघडलं, आणि बाबांचे डोळे बघून तिच्या लक्षात आलं, त्यांना पहिल्याच खेपेला ऐकू आलं होतं.

तिने पुन्हा सांगितलं. अगदी सावकाश.