साहेबांच्या वाटणीची साय

ताटाच्या जागी पेला आला तेव्हा लिफ्टमिस्त्री नुकतेच आंघोळ करून टेबलाशी बसले होते. पेल्यात काहीतरी हिरवं होतं आणि पेला तिरका केला तरी ते हलत नव्हतं.

"हे काय?"

"स्मूदी," बायको म्हणाली. "काकडी, पालक, अर्धं सफरचंद. सकाळी हीच, रात्रीही हीच. दुपारची बाटली पिशवीत ठेवलीय."

"आणि जेवण?"

"अहो, हेच जेवण."

मिस्त्रींनी पेल्याकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. भांडायचं म्हटलं तरी पोटात काहीतरी लागतं. त्यांनी डोळे मिटले आणि पेला तोंडाला लावला.

यात बायकोचा काही दोष नव्हता. दोष नव्या साहेबांचा होता. मिस्त्री ज्या कंपनीत लिफ्ट दुरुस्त करायचे तिथे नवे साहेब आले आणि नव्या साहेबांना जे होतं तेच यांनाही झालं: सुधारणा सुचली. प्रत्येक लिफ्टच्या छतात एक चौकोनी झडप असते. लिफ्ट अधेमधे अडकली तर मिस्त्रीने तिच्यातून छतावर चढायचं, यासाठी. वर्षानुवर्षं सगळे मिस्त्री वरच्या मजल्याचं दार उघडून आरामात छतावर उतरत आले होते. झडपेची कुणाला आठवणही नव्हती. साहेबांना झाली. जो मिस्त्री कुणाच्या मदतीशिवाय झडपेतून वर जाऊन दाखवणार नाही, त्याने तक्रारकक्षात बसून फोन घ्यायचे, असं त्यांनी फर्मान काढलं. परीक्षेला महिना होता आणि मिस्त्रींचं पोट त्या झडपेत मावणारं नव्हतं.

तक्रारकक्षाचं नाव काढलं की मिस्त्री विषय बदलायचे. पाय प्लास्टरमध्ये असताना ते तिथे बसले होते. दिवसभर लिफ्टमध्ये अडकलेली माणसं त्यांच्या कानात ओरडायची आणि यांच्या हातात पाना नाही, नुसता फोन. "घाबरू नका, माणूस निघालाय," एवढंच म्हणायचं. बहुतेक वेळा कुठलाच माणूस निघालेला नसायचा. घरी येऊन ते झोपेतही तेच बरळायचे. बिघाड कितीही मोठा असो, त्यात हात घातला की मिस्त्रींना बरं वाटे. फोनमध्ये हात घालता येत नाही. तिथे पुन्हा बसावं लागलं तर आपण संपलो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सुरुवातीचे दिवस त्यांनी कसेबसे काढले. चेहरा उतरला, आवाज बसला, पोट मात्र जिथल्या तिथे. संध्याकाळी बूट काढायला वाकले की त्यांना दारातच बसून राहावंसं वाटे. आई, बायको, लेक, घरातल्या तिघींना ते बघवेना. पण या घरात माया करायची ती लपून, अशी पद्धत होती. कुणाचे लाड करताना सापडलं तर वर्षभर चेष्टा व्हायची. त्यामुळे कुणी कुणाला काही बोललं नाही.

बायको आंघोळीला गेली की म्हातारी आई पाय न वाजवता ओट्याशी येई आणि मिक्सरच्या भांड्यात डावभर साय सोडी. "अंगमेहनत करणारा माणूस, पाला खाऊन जगेल का," असं ती फ्रिजला सांगे. मग लेक पाणी प्यायचं निमित्त करून येई आणि त्यात आइस्क्रीमचा मोठा गोळा ढकली. आणि जिने हा सगळा घाट घातला होता ती बायको शेवटी केळी, खजूर आणि मूठभर काजू घालून मिक्सरचं बटण दाबी. केळं म्हणजे फळच, अशी तिने मनाची समजूत घातली होती. काजूंची समजूत घालायची तिने अजून बाकी ठेवली होती. स्मूदीचा हिरवा रंग फिका होत होत पांढऱ्यावर आला, तेव्हा प्रत्येकीला वाटलं, आपल्यामुळेच.

"माझी जीभ सुधारली बघ," मिस्त्री एकदा पेला चाटूनपुसून म्हणाले. "काकडी इतकी गोड लागते हे मला कधी कळलंच नव्हतं."

तिघींनी आपापल्या ताटात माना घातल्या.

"फक्त पँट आवळायला लागलीय."

"धुऊन आटली असेल," बायको म्हणाली.

परीक्षेच्या दिवशी साहेब एका जुन्या ऑफिसच्या इमारतीत आले. साहेबही काही सडपातळ नव्हते. पण ते कोट घालत आणि कोटात माणूस जाडा दिसत नाही, मोठा दिसतो. मिस्त्रींचा जोडीदार काडी पहिला गेला. त्याला काडी म्हणायचे ते उगाच नव्हे. झडपेतून तो धुरासारखा वर गेला, तसाच खाली आला आणि "मिस्त्रींना वेळ लागेल, मी चहा घेऊन येतो," असं म्हणून सटकला.

साहेब आणि मिस्त्री लिफ्टमध्ये शिरले. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट थांबवून मिस्त्री हत्यारांच्या पेटीवर चढले, झडप उघडली आणि दोन्ही हात वर टाकून उसळी मारली. डोकं गेलं, खांदे गेले, छाती गेली. मग प्रवास थांबला.

"मिस्त्री, काय झालं?" खालून साहेबांनी विचारलं.

"काही नाही साहेब. जरा दम घेतोय."

"घ्या, घ्या." साहेबांनी बराच वेळ दम घेऊ दिला. "झाला का?"

"साहेब, मी अडकलोय."

"मग खाली या."

"दोन्हीकडून अडकलोय."

साहेबांनी लिफ्ट खाली नेण्यासाठी बटण दाबलं. लिफ्ट ढिम्म. "ही का हलत नाही?"

"झडप उघडी असली की हलत नाही, साहेब. माणूस चढत असताना लिफ्ट सुटू नये म्हणून तशी सोय केलीय."

"मग झडप बंद करा!"

"तिच्यात मी आहे, साहेब."

साहेबांनी बटणाचा नाद सोडला. त्यांनी लिफ्टमधला मदतीचा फोन उचलला. पलीकडे तक्रारकक्ष होता. साहेबांनी आपला हुद्दा सांगितला, आवाज चढवला, मग हळूहळू उतरवला आणि फोन ठेवला.

"घाबरू नका म्हणाले. माणूस निघालाय."

"निघालेला नसतो, साहेब," वरून थकलेला आवाज आला.

वेळ जाऊ लागला. साहेबांनी कोट काढला. मग ते खाली बसले आणि शेजारी लोंबणाऱ्या मिस्त्रींच्या पायांशी बोलू लागले. सकाळपासून आपण उपाशी आहोत, डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलंय, काही केल्या उतरत नाही, हे सगळं त्यांनी त्या पायांना सांगितलं. पायांपाशी मन मोकळं करणं त्यांना सोपं गेलं असावं.

"या पिशवीत काय आहे हो?"

"माझं दुपारचं जेवण. काकडी आणि पालक. वजन कमी करायचं आहे ते."

"घोटभर घेऊ?"

घोटभर म्हणता म्हणता बाटली संपली. मग साहेबांनी बुचाला लागलेलंही चाटलं.

"मिस्त्री," साहेबांचा आवाज भरून आला होता, "हे पिऊन वजन कमी होतं?"

"होतं म्हणतात."

साहेबांच्या अंगात बळ संचारलं. त्यांनी बाह्या सारल्या, मिस्त्रींचे पाय कवटाळले आणि असा हिसका दिला की शर्टाची सगळी बटणं वर राहिली आणि मिस्त्री साहेबांच्या अंगावर खाली आले. पण झडपेची चौकट त्या ओढाताणीत वाकली होती. झडप काही केल्या मिटेना आणि लिफ्ट हलेना.

"बाजूला व्हा," साहेब म्हणाले. "मी वर जाऊन माणसं बोलावतो."

मिस्त्री नको नको म्हणत असतानाच ते पेटीवर चढले. डोकं गेलं, एक खांदा गेला, दुसरा गेला नाही. काडी चहा पिऊन आला आणि त्याने वरच्या मजल्याचं दार उघडून खाली वाकून पाहिलं, तेव्हा त्याला छतातून उगवलेलं एक डोकं दिसलं.

"अरे वा, मिस्त्री पास झाले वाटतं," असं म्हणून त्याने बॅटरी मारली आणि उजेडात साहेब दिसताच सलाम ठोकला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "ही परीक्षा आधी मी स्वतः देईन. मी झडपेतून पार झालो की मगच तुमची पाळी. तोवर सगळे आपापल्या कामावर." मग मिस्त्रींना कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "ती एक बाटली रोज माझ्यासाठीही आणा."

मिस्त्रींनी घरी हे सांगितलं. आईने लेकीकडे पाहिलं, लेकीने बायकोकडे.

"अरे, त्यात मी थोडी साय घालत होते," आई म्हणाली.

"बाबा, मी आइस्क्रीम."

"आणि मी केळी, खजूर, काजू," बायको म्हणाली. "तुम्ही दोघी कशाला मध्ये पडलात?"

मिस्त्री रागावणार होते. पण तिघींचे चेहरे पाहून त्यांचा राग कुठल्या कुठे गेला. मग डोक्यात हळूहळू उजेड पडला. "म्हणजे साहेब हे रोज प्यायले तर..."

"त्या झडपेतून जात नाहीत," लेक म्हणाली.

"बिचारे," आई म्हणाली. "त्यांची आबाळ व्हायला नको."

बायकोने मात्र एक निकाल दिला. साहेबांच्या बाटलीत सगळं जाईल. मिस्त्रींच्या पेल्यात आजपासून फक्त काकडी आणि पालक. घरात यापुढे लपवाछपवी चालणार नाही. मिस्त्रींनी खरी स्मूदी पुन्हा चाखली आणि त्यांना आपली जीभ अजिबात सुधारली नसल्याचं कळलं.

साहेबांना सगळं सांगून टाकावं, असं कितीदा त्यांच्या तोंडावर आलं. साहेब भला माणूस होता, हिसका देऊन त्यानेच त्यांना सोडवलं होतं. पण डोळ्यांपुढे तक्रारकक्षातला तो फोन उभा राही आणि ते मुकाट्याने बाटली पुढे करत. महिने गेले. मिस्त्रींचं पोट गेलं, गाल गेले, पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. आता ते कुठल्याही झडपेतून काडीसारखे गेले असते. जा म्हणणारं कुणी नव्हतं.

एके दिवशी साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. साहेबांचा कोट आता खुर्चीच्या पाठीवर असायचा. त्यात साहेब मावत नव्हते. त्यांनी मिस्त्रींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सुस्कारा सोडला.

"मध्यंतरी मी हे बंदच करणार होतो, मिस्त्री. पण तुमच्याकडे बघितलं की धीर येतो. गुण आहे याला. मलाच कमी पडतंय. उद्यापासून दोन बाटल्या आणा."

मिस्त्री घरी आले. बूट काढायला वाकले आणि थोडा वेळ तसेच दारात बसून राहिले. मग रिकामी बाटली ओट्यावर ठेवत म्हणाले, "आई, उद्यापासून साय जास्त लागेल."