भिकानाना आणि शहाण्यांची परीक्षा

भिकानाना भेटले की रामराम न करता आकडेच फेकत. "सात, तीन, नऊ, दोन. उलटं सांगा." न्हाव्याच्या वस्तऱ्याखाली मान दिलेला माणूस असो की मयतावरून परतणारा, कोणाची सुटका नसे. उत्तर ऐकून ते खिशातल्या वहीत लिहीत. माझ्यापुढे 'मास्तर: तीन' अशी नोंद होती. पोरांकडून पाढे घोकून घेणारा मी चौथ्या आकड्याला अडखळलो होतो. त्या वहीचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरे.

नाना जळगावच्या कापूसबाजारात मापाडी होते. तिथेही त्यांचं रोज कोणाशी तरी वाजे. काटा रिकामा तपासल्याशिवाय ते एक गाठोडं चढू देत नसत. व्यापाऱ्याने घाई केली की खेकसत, "पहिले रिकामा काटा देखा, मंग कापूस." गल्लीतल्या शहाण्यासुरत्या लोकांना ते तसेच तपासत सुटले होते. कशासाठी, ते मला एका पत्रामुळे कळलं.

पत्र इंग्रजीत होतं, म्हणून नाना ते माझ्याकडून वाचून घ्यायला आले. त्यांची धाकटी बहीण सखू दोन वर्षं दूरच्या वेड्यांच्या इस्पितळात होती. तिला नसलेले आवाज ऐकू येत; ती चुलीशी भांडत बसे. मागल्या भेटीत डॉक्टराने तिला आकडे उलटे विचारले आणि ती अडली. शहाणे किती अडतात, हे त्याने कधी पाहिलं होतं का, म्हणून नाना पेटले होते. आता तिला घरी न्यायची परवानगी त्यांनी मागितली, तर उत्तर आलं: 'स्मरण साफ गेले आहे. स्वतःच्या नवऱ्याचे नावही सांगू शकत नाही. सोडता येणार नाही.'

वाचता वाचता माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्याकडची कोणती बाई परक्या पुरुषासमोर नवऱ्याचं नाव घेते? एवढा शिकलेला माणूस, आणि एवढं कळू नये?

"याडी शे ती, मान्य शे," नाना म्हणाले. "पन जे भुलनी नही, ते भुलनी असं का लिखस?"

त्यांनी पहिला प्रयोग माझ्याच घरी केला. ओट्यावर बसून एकेक नाव मोठ्याने घेऊ लागले. माझं नाव येताच आमच्या मंडळींनी आत पदर पुढे ओढला. क्रम बदलून तीनदा घेतलं, तिन्हीदा तेच. मग ते गल्लीभर फिरले. लोकांच्या बायकांसमोर नवऱ्यांची नावं पुकारणारा माणूस! दोन घरांतून शिव्या मिळाल्या, तिसऱ्यातून वहाण आली. नानांनी तीही वहीत लिहिली. मी मात्र शरमेने आठवडाभर मागच्या गल्लीने शाळेत गेलो.

तरी रेल्वेने त्यांच्याबरोबर गेलो मीच. बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे मी सांगत होतो तेव्हा डॉक्टर सारखा घड्याळ बघत होता. सखूचे केस कापलेले. नानांनी आधी आकडे विचारले. ती दोनावर थांबली.

"तीन लिहा," मी कुजबुजलो.

"काट्यावर बोट ठेवू का, मास्तर?" ते गुरकावले आणि त्यांनी दोनच लिहिले.

मग नावं. "नथ्थू. दगडू. सुकलाल." सखूचा हात पदराकडे गेला. क्रम बदलला, सुकलालला पुन्हा गेला. तिसऱ्यांदा नानांनी ते नाव मुद्दाम गाळलं, तेव्हा हात मांडीवरच राहिला. डॉक्टराने घड्याळ खिशात घातलं. मग सखूच्या कागदावरची 'स्मरण गेले' ही ओळ खोडून त्याने घरी न्यायची परवानगी लिहिली. माफीचा एक शब्द काही त्याच्या तोंडून निघाला नाही, याचा राग मला अजून आहे.

बाहेर व्हरांड्यात मी आनंदाने म्हणालो, "नाना, जिंकलात की."

नाना भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्या सुकलालने सखूला इथे टाकलं त्याच वर्षी दुसरी बायको केली होती. दोन वर्षांत तो एकदाही इकडे फिरकला नव्हता.

"इतलं एक भुलनी असती, मास्तर," नाना म्हणाले, "तं बरं व्हतं."