काहीच न केल्याचा पुरावा

नॉर्थ टॅमरॅक गावाचे रस्ते-अधीक्षक ऑर्विल क्नुट्सन यांनी आपल्या पदाचा वापर करून कोणाचेही कोणतेही काम केलेले नाही, असे त्यांच्या अपिलाच्या पहिल्याच वाक्यात म्हटले होते. गावाने ते वाचले आणि कधी नव्हे ते एकमताने मान्य केले. गेली अठरा वर्षे लोक दुसरे काय सांगत होते? अपवाद एकच. डांबराचा ठेकेदार रोलंड याने गोठलेल्या तळ्यावर बसून मासे धरण्यासाठी ऑर्विलला शेगडीसकट लाकडी खोपी भेट दिली, आणि लगोलग रोलंडच्या ठेक्याचा रस्ता गावच्या समितीत मंजूर झाला. त्या अपवादाबद्दल ऑर्विलला दोन वर्षांची शिक्षा झाली होती.

ऑर्विलच्या वकीलबाईंचा मुद्दा सरळ होता. नुसती भेट म्हणजे लाच नव्हे. बदल्यात काम केले, तरच ती लाच. "तुमच्या हातून काही झालंच नाही, एवढं कोर्टाला पटलं की तुरुंगही टळेल आणि पेन्शनही वाचेल. तुम्ही फक्त गप्प बसा."

गप्प बसण्याचा ऑर्विलला पदसिद्ध सराव होता. पण बाईंनी न्यायाधीशांपुढे त्याची कारकीर्द उलगडली, न वाचलेल्या अर्जांपासून न बुजलेल्या खड्ड्यांपर्यंत, तेव्हा त्याचे कान तापले. "महोदय, रस्त्यावरचं बर्फ उपसणारा ड्रायव्हरसुद्धा या गृहस्थांचं ऐकत नाही," बाई म्हणाल्या. मागे बसलेली त्याची बायको मार्लीस मान डोलावत होती.

"तू कुणाच्या बाजूची?" त्याने मागे वळून विचारले.

"तुझ्याच. पण बाई खरं बोलतेय."

शिक्षा रद्द झाली. नवा पुरावा मिळाला, तरच सरकारी वकील खटला पुन्हा चालवणार होते. आणि पुरावा असण्याचे काही कारण नव्हते.

शुक्रवारी गुत्त्यात तळलेल्या माशांच्या ताटांभोवती सारे गाव जमले. शेजारच्या टेबलावर जिल्ह्याच्या साप्ताहिकाचा बातमीदारही जेवत होता.

"आजचं बिल माझ्याकडे," ऑर्विल म्हणाला.

"म्हणजे तू काहीतरी करणार?" शेजारी ड्वेन म्हणाला. "जपून रे बाबा, कोर्टाचा अवमान होईल."

"परवा कचरा बाहेर ठेव म्हटलं," मार्लीस म्हणाली, "तर मला निकालपत्र दाखवलं."

ऑर्विलही हसला. मग गुत्तेवाला हळहळला, "बिचारा रोलंड. एवढी चांगली खोपी, फुकट गेली."

ऑर्विल काटा खाली ठेवून उभा राहिला.

"खाली बस, ऑर्विल," मार्लीस म्हणाली.

"अठरा वर्षं बसलोच होतो," तो म्हणाला, आणि बोलला. बोलून झाल्यावर त्याने दुसरे ताट मागवले, शेवटच्या घासापर्यंत चवीने खाल्ले, आणि कित्येक महिन्यांनी त्याला गाढ झोप लागली.

नव्या आरोपपत्राचे पहिले वाक्य सरकारी वकिलांना लिहावेच लागले नाही. बातमीदाराने टिपून घेतलेले शब्द त्यांनी जसेच्या तसे उतरवले: "फुकट? मी जन्मात कुणाचं फुकट घेतलेलं नाही. समितीच्या एकेका सदस्याच्या घरी जाऊन तो रस्ता मी पास करून घेतला. एवढं काम मी दुसऱ्या कुणासाठीही केलेलं नाही, विचारा रोलंडला."