सगळ्यांची उत्तरं भिवा सशाकडे

एका जंगलात निरोपाचे तुकडे करायची पद्धत होती. हसू नका, चांगली पद्धत होती. त्याआधी कावळा अख्खा निरोप चोचीत घेऊन निघायचा. वाटेत मेलेला उंदीर दिसला की निरोप खाली आणि उंदीर चोचीत. मग निरोप पोचणार कधी, कप्पाळ?

म्हणून वाघाने मुंग्या नेमल्या. निरोप लिहिलेल्या पानाचे तुकडे करायचे, प्रत्येकावर आकडा घालायचा आणि एकेका मुंगीच्या डोक्यावर एकेक तुकडा द्यायचा. जिला जी वाट मोकळी दिसेल तिने तिकडून जायचं. सगळ्या पोचल्या की आकड्यांप्रमाणे तुकडे जुळवायचे. एखादी मुंगी वाटेत चिरडली तर तेवढाच तुकडा पुन्हा मागवायचा.

फक्त आधी जोडणी करावी लागे. जोडणी म्हणजे बिळाच्या तोंडाशी एक पान टांगायचं. तुमच्या मुंग्या कुठल्या वारुळातून बाहेर पडणार, तिथला परवलीचा शब्द कोणता आणि उत्तर आलं तर ते कुठे आणायचं, एवढं त्यावर लिहायचं. मुंग्या लिहिलंय तसं करत. मुंगीला डोकं वापरायला सांगू नये, त्यावर आधीच तुकडा असतो.

जोडणीसाठी वाघाने एक अधिकारी ठेवला, रंगनाथराव सरडे. कुणी काही विचारलं की ते मान वरखाली हलवत, आणि विचारणारा समाधानाने घरी जाई. फारच खोदून विचारलं तर म्हणत, ज्याचं चालतंय त्याचं बघून लिहा.

जंगलात चालत होतं एकट्या भिवा सशाचं. तो करवंदीच्या जाळीखाली राही. मग काय, हरीण आलं, मुंगूस आलं, रानडुक्कर सहकुटुंब आलं आणि सगळ्यांनी भिवाचं पान अक्षर न अक्षर उतरवून घेतलं. वारूळ तेच, हरकत नाही. परवलीचा शब्द तोच, चालेल. पण शेवटी भिवाने लिहिलं होतं, ‘उत्तर करवंदीच्या जाळीखाली आणावे.’ तेही सगळ्यांनी तस्संच लिहिलं. खीखी करू नका. चाचणीत शेजाऱ्याच्या वहीतून त्याचं नावसुद्धा उतरवणारा एकजण इथेच बसलाय. मी नाव घेत नाही.

आता धुरपदाबाई साळिंदरीची गोष्ट. तिची एकुलती लेक पारू ओढ्यापलीकडच्या रानात दिलेली होती आणि पहिलटकरीण होती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत साळिंदरांतही आहे. त्यांची आणखी एक रीत आहे. व्याह्यांचा सांगावा आल्याशिवाय आईने लेकीच्या दारात पाऊल टाकायचं नाही. काट्यांची जात, मानपान फार.

धुरपदाबाईने निरोप धाडला, पारूला न्यायला कधी येऊ? निरोप नीट पोचला. पारूची सासू मोठ्या मनाची, तिने लगेच उलट कळवलं की उद्याच या. पण धुरपदाबाईच्या दारावरही भिवाचंच पान उतरवलेलं. उत्तर गेलं करवंदीखाली.

धुरपदाबाईने बिळात मऊ गवत अंथरलं, कंद साठवले आणि वाट पाहत बसली. पुन्हा निरोप धाडला. पुन्हा काही नाही. लग्नात आपलं काय चुकलं, कुणाचा मान राहून गेला, हेच तिच्या डोक्यात फिरू लागलं. शेवटी ती रंगनाथरावांकडे गेली. त्यांनी तिचं पान भिवाच्या पानाशी ताडून पाहिलं. तंतोतंत जुळलं.

"जोडणीत दोष नाही," ते म्हणाले. "तुमच्या व्याह्यांनाच कळवायचं नसेल."

धुरपदाबाई रडत घरी आली.

इकडे भिवा मजेत होता. सगळ्या जंगलाची आमंत्रणं त्याच्याकडे येत आणि तो सगळीकडे जाई. हरणाच्या मामाकडे बारशाला जेवला, रानडुकराच्या मेव्हण्याकडे साखरपुड्याला जेवला. दारी आलेल्या पाहुण्याला हाकलणार कोण? एक दिवस निरोप आला, ‘आई, कळा सुरू झाल्या, लवकर ये.’ आई म्हटल्यावर भिवा जरा अडखळला. पण बोलावणं ते बोलावणं. तो निघाला.

परतताना तो धुरपदाबाईच्या दारात थांबला. पारूला मुलगा झाला म्हणाला, तुमची फार आठवण काढत होती म्हणाला. तुला कसं कळलं, असं तिने विचारलं.

"मला बोलावणं आलं होतं की," भिवा म्हणाला. "अहो, सगळं माझ्याकडेच येतं."

धुरपदाबाईने दारावरचं पान पाहिलं. करवंदीची जाळी, आणि अक्षर तिचं स्वतःचं. ती मानपान सोडून धावत सुटली.

पारू बाळाला कुशीत घेऊन पडली होती. तिने आईकडे पाहिलं नाही.

"किती बोलावलं तुला," ती म्हणाली. "शेवटी ससा आला."

पान चुकलं होतं हे बाळंतिणीला कुठल्या तोंडाने सांगायचं? धुरपदाबाईला फार लाज वाटली. ती बाळाला बघून मुकाट्याने परतली. घरी येताच तिने शेवटची ओळ खोडली आणि लिहिलं, ‘उत्तर चिंचेखाली, धुरपदाच्या दारी आणावे.’ मग पारूला निरोप धाडला. दुसऱ्याच दिवशी पारूचं रागाचं उत्तर आलं. पण आलं ते आईच्या दारी.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण वाघाने जोडण्यांची तपासणी काढली. रंगनाथराव दारोदार फिरले. सगळी पानं एकसारखी निघाली, एक सोडून. सभा भरली. धुरपदाबाईने सगळ्यांना समजावून सांगितलं की बाबांनो, तुमची उत्तरं भिवाकडे जातात. सगळ्यांनी भिवाकडे पाहिलं. भिवा प्रामाणिक. येतात, म्हणाला. मग मात्र सगळ्यांची खात्री पटली की भिवाची जोडणी खरोखरच उत्तम आहे.

"बाई, तुम्ही कुणाचं बघून लिहिलंत?" वाघाने विचारलं.

"कुणाचंच नाही."

वाघाला तिची दया आली. त्याने रंगनाथरावांना तिच्याबरोबर पाठवलं, आणि त्यांनी तिचं पान काढून स्वहस्ते भिवाचं पान लिहून दिलं.

संध्याकाळी पारूच्या रानातून मुंग्या आल्या. ‘आई, माझा राग गेला. बाळाला घ्यायला ये.’ धुरपदाबाई दारातच उभी होती. मुंग्या तिच्या पायांजवळून ओळीने करवंदीकडे गेल्या. भिवाने तुकडे जुळवले, वाचले आणि तो निघाला.

तात्पर्य: सगळ्यांचं एकसारखं चुकलं की त्याला पद्धत म्हणतात. एकट्याचं बरोबर आलं की त्याला बिघाड म्हणतात, आणि तो दुरुस्त करतात. तेव्हा बाळांनो, तुमचं बरोबर येत असेल, तर निदान तपासणीच्या दिवशी ते झाकून ठेवा.